गिरिस्थानातील घरे आणि गावाचे पाणी

सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७२ मीटर उंचीवर वसलेले महाबळेश्वर आणि तेथून जेमतेम २० किलोमीटर अंतरावरील पाचगणी ही महाराष्ट्राची सुपरिचित गिरिस्थाने होत. २०११ च्या जनगणनेत महाबळेश्वर नगरपरिषदेच्या हद्दीत सुमारे १३ हजार आणि पाचगणीत सुमारे १५ हजार लोकवस्तीची नोंद झाली. या दोन लहान गावांकडे दरवर्षी लाखो पर्यटक येतात. येणाऱ्यांपैकी बहुतेक दोन-तीन दिवस राहून परततात. तथापि गेल्या काही दशकांत यांतील एक वर्ग केवळ पाहुणा राहिलेला नाही. त्याला येथे स्वतःचे घर हवे आहे. हे घर वर्षातील बराच काळ बंद असते, परंतु त्यासाठी जमीन, पाणी, रस्ता आणि सांडपाण्याची व्यवस्था मात्र कायमची लागते.

घरबांधणी हा एरवी विकासाचा निदर्शक मानला जातो. घरे वाढली म्हणजे वस्ती वाढली, रोजगार वाढला, कराचे उत्पन्न वाढले, असा हिशेब केला जातो. गिरिस्थानात हा हिशेब तसाच्या तसा लागू पडत नाही. तेथे घरांची संख्या आणि राहणाऱ्यांची संख्या या दोन भिन्न गोष्टी असतात. शिवाय माथ्यावर बांधलेल्या घराचा परिणाम उतारावरील आणि पायथ्याच्या गावांना भोगावा लागतो. या दृष्टीने महाबळेश्वर-पाचगणीच्या घरबांधणीचा इतिहास अभ्यासण्यासारखा आहे. पर्यटनाच्या वाटेवर पाऊल टाकणाऱ्या राज्यातील अनेक ग्रामपंचायतींना त्यातून बोध घेता येईल.

बंगल्यांचा काळ

क्षेत्र महाबळेश्वर हे प्राचीन तीर्थस्थान आहे. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम येथील पंचगंगा मंदिरात मानला जातो. इंग्रजी अमदानीपूर्वी या डोंगरावर धावड, कोळी, धनगर व कुणबी समाजांच्या विरळ वस्त्या होत्या. १८२४ मध्ये जनरल लॉडविक या ठिकाणी आले व त्यांनी येथील हवेची महती वरिष्ठांच्या कानी घातली. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२९ मध्ये साताऱ्याच्या छत्रपतींशी करार करून हा प्रदेश मिळविला आणि त्याच्या मोबदल्यात खंडाळा हे गाव दिले. त्यांच्या नावाने वसलेली माल्कम पेठ म्हणजेच आजच्या महाबळेश्वर शहराचे मूळ होय. पुढे १८४२ मध्ये साताऱ्याच्या छत्रपतींच्या पुढाकाराने वेण्णा तलाव बांधण्यात आला.

या काळातील घरबांधणीचे स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे. शासनाने भाडेपट्ट्याने दिलेल्या प्रशस्त जागेत एकच बैठा बंगला, भिंती जांभ्या दगडाच्या, छप्पर उतरते आणि सभोवती जंगल अशी साधारण रचना होती. दोन बंगल्यांच्या मध्ये राखलेले रान हाच जणू गावाचा मोठा भाग होता. पावसाळ्यापूर्वी भिंतींना गवताची झड लावीत आणि मालक डोंगर उतरून जात. बाजारपेठेतील व्यापारी, कारागीर व मजूर दाट वस्तीत राहत. विषमता त्या रचनेतही होतीच. परंतु बंगल्यांची एकूण संख्या मर्यादित असल्याने डोंगराला त्यांचा भार झेपत होता.

पाचगणीची वाढ निराळ्या कारणाने झाली. महाबळेश्वरात वर्षाकाठी सुमारे ५,५०० ते ६,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तर पाचगणीत त्याच्या निम्म्याहूनही कमी. वर्षभर राहता येईल असे ठिकाण म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉन चेसन यांनी पाचगणीची निवड केली. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या परिसरात ही वसाहत उभी राहिली. पुढे येथे निवासी शाळा निघाल्या. शिक्षक, कर्मचारी व विद्यार्थी यांच्या कायम वास्तव्यामुळे पाचगणी हे केवळ हंगामी गाव राहिले नाही. गिरिस्थानाला कायमची आणि स्थिर अर्थव्यवस्था लाभू शकते, याचे हे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण होय.

हॉटेल, सदनिका आणि सुट्टीचे घर

स्वातंत्र्यानंतर गिरिस्थाने मध्यमवर्गाला खुली झाली. एस. टी. बसची सोय झाली, वाईहून पसरणी घाटाने येणारी वाहतूक वाढली आणि जुन्या बंगल्यांच्या आवारांत हॉटेले उभी राहिली. त्यानंतरच्या टप्प्यात वर्षातील ठराविक दिवसांचा निवास विकणाऱ्या टाइम-शेअर पद्धतीच्या विश्रामगृहांची भर पडली. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग पूर्णपणे सुरू झाल्यावर मुंबईकरांचा प्रवास आणखी सुलभ झाला. शनिवार-रविवारसाठी डोंगरावर जाऊन येणे शक्य झाले आणि ‘दुसरे घर’ ही कल्पना रुजली.

या दुसऱ्या घराचेही प्रकार आहेत. काही कुटुंबे सदनिका घेतात, काही जण जमीन घेऊन स्वतंत्र बंगला बांधतात. अलीकडच्या काळात अनेक बंगले ‘व्हिला’ या नावाने मोबाइलवरील आरक्षणाद्वारे दिवसाच्या भाड्याने दिले जातात. कागदोपत्री असे बांधकाम निवासी घर असते, प्रत्यक्षात ते लहान हॉटेल असते. घरपट्टी निवासी दराने आणि पाण्याचा वापर हॉटेलाप्रमाणे, अशी विसंगती त्यातून निर्माण होते.

या मागणीचा जमिनीच्या किमतीवर होणारा परिणाम उघड आहे. शहरातील ग्राहकाच्या ऐपतीनुसार भाव ठरू लागला की स्थानिक शिक्षक, परिचारिका, दुकानातील नोकर, हॉटेलातील वाढपी यांना त्या गावात घर घेणे वा भाड्याने मिळविणे दुरापास्त होते. ज्यांच्या श्रमावर पर्यटन चालते त्यांनाच डोंगराखालून रोज घाट चढून यावे लागते किंवा दाटीवाटीने एका खोलीत राहावे लागते. जमीन विकणाऱ्या शेतकऱ्याची स्थितीही पुष्कळदा फारशी निराळी नसते. हाती आलेली रक्कम लग्नकार्यात, वाहनखरेदीत व जुन्या कर्जात संपते आणि पुढच्या पिढीला पूर्वी स्वतःच्या असलेल्या जमिनीवर रखवालदारी करण्याची पाळी येते.

डोंगर पाणी कसे साठवितो

एवढा पाऊस पडणाऱ्या प्रदेशात उन्हाळ्यात पाण्याची टंचाई का भासावी, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर डोंगराच्या घडणीत आहे. माथ्यावर सच्छिद्र जांभा खडकाचा थर आहे आणि त्याखाली काळ्या बेसॉल्ट खडकाचे थर आहेत. जंगलाच्या पालापाचोळ्यातून जिरलेले पावसाचे पाणी जांभ्यात शिरते, खालच्या कठीण थराला अडते आणि उतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. अनेक वाड्या-वस्त्यांचे पिण्याचे पाणी म्हणजे हेच झरे होत. जंगल तोडून, जमीन सपाट करून तिच्यावर काँक्रीटचे आच्छादन घातले की पाणी जिरण्याऐवजी वाहून जाते. पावसाळ्यात ओढ्यांना लोंढे येतात आणि फाल्गुन-चैत्रात झरा आटतो.

याच सच्छिद्रपणाची दुसरी बाजू अधिक चिंतेची आहे. जो खडक पाणी सहज शोषून घेतो, तो मैलाही तितक्याच सहजपणे शोषून घेतो. शोषखड्ड्यात सोडलेले सांडपाणी डोंगराच्या पोटातून प्रवास करून खालच्या झऱ्याला मिळू शकते. म्हणून माथ्यावरील एका बंगल्याचा शोषखड्डा हा खालच्या वाडीच्या आरोग्याचा प्रश्न ठरतो. पूर्ववाहिनी नद्यांचे पाणी पुढे धोम, कण्हेर व कोयना या जलाशयांत साठते. सातारा जिल्ह्यातील आणि त्याही पलीकडील शेतीचे व नळपाणी योजनांचे हित अशा रीतीने या माथ्याशी जोडलेले आहे.

तिसरी बाब उताराची. जुलै २०२१ मधील अतिवृष्टीत महाबळेश्वर येथे एका दिवसात ५९० मिलिमीटरहून अधिक पावसाची नोंद झाली. त्या पावसात आंबेनळी घाटरस्त्याची मोठी हानी झाली व डोंगरकपारीतील अनेक गावांचा संपर्क तुटला. दरडी कोसळण्यास अतिवृष्टी हे मुख्य कारण असले, तरी उताराचा पाया खणणे, नैसर्गिक ओघळ बुजविणे आणि भरावावर बांधकाम करणे यांमुळे धोका वाढतो, ही गोष्ट विसरता येत नाही.

पाण्याचा एक हिशेब

ग्रामपंचायत सदस्यांना उपयोगी पडावा म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका गावात १०० घरे असून प्रत्येक घरात सरासरी ५ माणसे राहतात. जल जीवन मिशनच्या निकषाप्रमाणे दरडोई रोज ५५ लिटर पाणी धरल्यास गावाची दैनिक गरज २७,५०० लिटर होते. आता त्याच गावात सुट्टीचे १० बंगले बांधले गेले. सुट्टीच्या दिवशी प्रत्येक बंगल्यात १० माणसे उतरली आणि शहरी सवयीप्रमाणे प्रत्येकाने १३५ लिटर पाणी वापरले, तर केवळ या १० बंगल्यांना १३,५०० लिटर पाणी लागते. म्हणजे घरांची संख्या दहा टक्क्यांनी वाढली, परंतु पाण्याची मागणी जवळजवळ निम्म्याने वाढली.

एका बंगल्यात १० मीटर लांब, ५ मीटर रुंद व दीड मीटर खोल असा पोहण्याचा तलाव असेल, तर तो एकदा भरण्यास ७५,००० लिटर पाणी लागते. हे पाणी संपूर्ण गावाला सुमारे पावणेतीन दिवस पुरले असते. शिवाय पर्यटनाचा उन्हाळी हंगाम एप्रिल-मे मध्ये असतो आणि झऱ्यांचे पाणी सर्वांत कमी असते तेही याच दोन महिन्यांत. यास्तव गिरिस्थानातील पाणीयोजना वार्षिक सरासरीवर न आखता, मे महिन्यातील गर्दीच्या दिवसावर आखली पाहिजे. सांडपाणी, कचरा आणि वाहनतळ यांनाही हाच नियम लागू आहे.

कायद्याची चौकट

केंद्र शासनाने १९८६ च्या पर्यावरण संरक्षण अधिनियमाखाली जानेवारी २००१ मध्ये अधिसूचना काढून महाबळेश्वर-पाचगणी प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला. सुमारे १२४ चौरस किलोमीटरच्या या क्षेत्रात दोन्ही शहरांबरोबर आसपासच्या गावांचाही समावेश आहे. तीव्र उतारावरील विकास, वृक्षतोड, भूजलाचा उपसा व विक्री, सांडपाण्याचा निचरा यांवर या अधिसूचनेने निर्बंध घातले. अंमलबजावणीवर लक्ष ठेवण्यासाठी उच्चस्तरीय संनियंत्रण समितीची तरतूदही करण्यात आली. राज्यासाठी २०२० मध्ये लागू झालेली एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली गिरिस्थान नगरपरिषदांना आणि अशा अधिसूचित संवेदनशील क्षेत्रांना लागू करण्यात आली नाही, ही बाब अधिकाऱ्यांनी व नागरिकांनी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. इतर शहरांत जे बांधता येते ते येथेही बांधता येईल, हा समज चुकीचा आहे.

जमिनीच्या व्यवहारालाही मर्यादा आहेत. पश्चिम महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या व्यक्तीस शेतजमीन विकण्यावर १९४८ च्या कूळकायद्याने निर्बंध घातले आहेत. बांधकाम परवानगीची चौकट १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने ठरविली आहे. स्थावर संपदा अधिनियम २०१६ मध्ये संमत झाला आणि १ मे २०१७ पासून पूर्णपणे अमलात आला. ५०० चौरस मीटरहून मोठ्या जागेवरील किंवा ८ हून अधिक सदनिकांच्या प्रकल्पाला विक्रीपूर्वी प्राधिकरणाकडे नोंदणी करणे या अधिनियमान्वये आवश्यक आहे. ही नोंदणी ग्राहकाच्या संरक्षणासाठी आहे. झऱ्यावर किंवा उतारावर काय परिणाम होईल, याचा निवाडा ती करीत नाही. त्याचप्रमाणे जमिनीचे लहान तुकडे करून सुटे बंगले बांधले गेले, तर प्रत्येक बंगला एकटा पाहता किरकोळ वाटतो आणि एकत्रित परिणाम कोणाच्याच नजरेस येत नाही.

एक गैरसमज मात्र आवर्जून दूर केला पाहिजे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये बांधकामाची नोंद झाली, घरपट्टीची पावती मिळाली वा वीजजोडणी मिळाली, म्हणून विनापरवाना बांधकाम कायदेशीर ठरत नाही. कर आकारणी आणि बांधकाम परवानगी या सर्वस्वी भिन्न बाबी आहेत. संवेदनशील क्षेत्रातील विनापरवाना बांधकामांवर प्रशासनाने वेळोवेळी कारवाई केली आहे. अशा वेळी ज्यांनी आयुष्यभराची पुंजी घरात घातली त्यांचे नुकसान होते आणि तोडलेले जंगलही परत येत नाही. म्हणून कारवाईपेक्षा प्रारंभीच अटकाव करणे अधिक हिताचे होय.

भिलारचा अनुभव

पर्यटनातून उत्पन्न मिळविण्यासाठी जमीन विकणे हा एकच मार्ग नाही. पाचगणी-महाबळेश्वर मार्गालगतच्या भिलार या गावाचे उदाहरण या संदर्भात उल्लेखनीय आहे. स्ट्रॉबेरीच्या शेतीसाठी प्रसिद्ध असलेले हे गाव ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून ओळखले जाऊ लागले. राज्य मराठी विकास संस्थेच्या या उपक्रमात ग्रामस्थांनी आपल्या घरांतील जागा वाचनासाठी खुल्या केल्या. आलेला वाचक ग्रामस्थाच्या ओसरीवर बसून पुस्तक वाचतो, गावातच जेवतो आणि इच्छा झाल्यास गावातच मुक्काम करतो. घर आणि शेत दोन्ही ग्रामस्थांच्या मालकीची राहतात.

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये जाहीर झाले. शेती, राहते घर आणि पाहुणचार यांची सांगड घालण्यास यामुळे वाव मिळाला आहे. अशा घरात कुटुंब वर्षभर राहते, त्यामुळे विहीर आटते केव्हा आणि गटार तुंबते कोठे याची त्याला जाण असते. पाहुण्यांची संख्या घराच्या आकाराने आपोआप मर्यादित राहते. अर्थात येथेही परवानगी, स्वच्छता आणि पाण्याचे नियम पाळले पाहिजेत. ओसरीचे हॉटेल आणि हॉटेलाचे संकुल होण्यास वेळ लागत नाही.

ग्रामसभेपुढील पाच प्रश्न

पर्यटनाचा ओघ आता मूळ गिरिस्थानांपुरता राहिलेला नाही. सातारा जिल्ह्यातील डोंगरी गावांसाठी ‘नवीन महाबळेश्वर’ प्रकल्पाची आखणी सुरू झाली असून २०२४ मध्ये त्यातील २३५ गावांचा प्रारूप विकास आराखडा पुढे आला. असा आराखडा कार्यालयात केवळ पाहण्यासाठी ठेवलेला नसतो. त्यावर हरकती व सूचना नोंदविण्याचा नागरिकांना अधिकार आहे. बांधकाम परवानगी देण्याचा अधिकार क्षेत्रानुसार वेगवेगळ्या कार्यालयांकडे असला, तरी गावाची माहिती सर्वांत अधिक गावालाच असते. यास्तव मोठ्या बांधकामाचा विषय येईल तेव्हा ग्रामसभेने पुढील पाच प्रश्नांची उत्तरे मागितली पाहिजेत.

पहिला प्रश्न: या घरात कोण राहणार? वर्षभर राहणारे कुटुंब, सुट्टीपुरता येणारा मालक की दिवसाच्या भाड्याने येणारे पाहुणे, याची स्पष्ट नोंद असावी व कर त्यानुसार आकारला जावा. दुसरा प्रश्न: मे महिन्यात पाणी कोठून येणार? टँकरने आणू, हे उत्तर पुरेसे नाही, कारण टँकरही कोणत्या तरी झऱ्यावर वा विहिरीवरच भरतो. तिसरा प्रश्न: मैला व सांडपाणी कोठे जाणार आणि त्या जागेच्या खाली कोणाचा पाणवठा आहे? चौथा प्रश्न: जमिनीचा उतार किती, ओघळ कोणते आणि झाडे किती तोडली जाणार? पाचवा प्रश्न: येथे काम करणाऱ्या माणसांच्या निवासाची सोय काय? जो प्रकल्प पाहुण्यांसाठी वीस खोल्या बांधतो, त्याने कर्मचाऱ्यांसाठी स्वच्छ निवारा देणे ही मेहरबानी नव्हे, कर्तव्य होय.

या प्रश्नांची उत्तरे नोंदींविना तपासता येणार नाहीत. या कामी शिक्षकांचे साहाय्य मोलाचे ठरेल. प्रत्येक शाळेने आपल्या परिसरातील झऱ्यांची यादी करावी. कोणता झरा कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो, त्याचे पाणी किती घरे भरतात आणि त्याच्या वरच्या बाजूस कोणते बांधकाम आहे, याची नोंद विद्यार्थ्यांनी दरवर्षी होळीपासून पहिल्या पावसापर्यंत ठेवावी. एक बादली भरण्यास किती वेळ लागतो एवढे मोजले तरी झऱ्याचा प्रवाह कळतो. भूगोलाचा हा पाठ पाच-सात वर्षे सातत्याने चालला, तर ग्रामपंचायतीच्या हाती असा पुरावा येईल, की ज्याची दखल कोणत्याही नियोजनकाराला घ्यावी लागेल.

डोंगरावर घर असावे ही इच्छा गैर नाही, आणि पाहुण्याला निवारा देणे ही तर आपली परंपराच आहे. परंतु गिरिस्थानाचे आकर्षण थंड हवा, दाट रान आणि वाहते पाणी यांत आहे. घरांच्या दाटीत या तिन्ही गोष्टी नाहीशा झाल्या, तर पर्यटक दुसरा डोंगर शोधील. शहरातील मालक आपल्या दुसऱ्या घराला कुलूप लावून पहिल्या घरी परत जाईल. ज्यांना दुसरे घर नाही, ते ग्रामस्थ मात्र आटलेल्या झऱ्याजवळच राहतील. त्यांच्या पाण्याचा व निवाऱ्याचा विचार प्रथम करणे, हाच गिरिस्थानाच्या खऱ्या विकासाचा प्रारंभ होय.